देशोदेशींचा बचावगडी : लूसिओ

फुटबॉलच्या खेळांत कीर्तीची वांटणी मोठी विषम असते. गोल करणाऱ्याचें नांव दुसऱ्या दिवशीं शाळकरी मुलांच्या तोंडीं असतें. गोल होऊं न देणारा मात्र एकदां चुकला म्हणजेच लोकांना आठवतो. आघाडीच्या गड्यानें नऊ वेळां चेंडू बाहेर मारला आणि दहाव्या वेळीं जाळ्यांत घातला, तर त्याच्या पहिल्या नऊ चुका कोणी मोजीत नाहीं. बचाव करणाऱ्यानें नऊ संकटें परतविलीं आणि दहाव्या वेळीं त्याचा पाय चुकला, तर त्या नऊ कामांचें पुण्य एका क्षणांत आटून जातें. अशा या कृतघ्न धंद्यांत ब्राझील देशाचा लूसिओ वीस वर्षांहून अधिक काळ टिकला. तीन खंडांतील चार देशांत आणि दहांहून अधिक संघांत तो खेळला. त्याचा प्रवास शेवटीं आपल्या गोमंतकापर्यंतही येऊन पोंचला. धंदेवाईक खेळाडूचें आयुष्य कसें घडतें, त्यांत निष्ठा कोणती आणि व्यवहार कोणता, हें समजून घेण्यास त्याचें चरित्र फार उपयोगी आहे.

लूसिओचें मूळ नांव लुसिमार. त्याचा जन्म ८ मे १९७८ रोजीं झाला. ब्राझीलची नवी राजधानी ब्राझीलिया १९६० सालीं वसली. तिच्या प्रदेशांत मोडणारें प्लानाल्तिना हें जुनें गांव त्याचें जन्मस्थान. रिओ किंवा सांव पावलो या शहरांना फुटबॉलची जी परंपरा आहे, ती या नव्या राजधानीला नव्हती. त्यामुळें तेथील होतकरू मुलाला नांव मिळवावयाचें तर घर सोडणें प्राप्तच होतें. १९९७ सालीं ब्राझीलच्या चषकस्पर्धेंत ग्वारा या राजधानीकडील लहानशा संघाची गांठ पोर्तो आलेग्रे येथील इंतेरनासिओनाल या बलाढ्य संघाशीं पडली. ग्वाराचा सात गोलांनीं धुव्वा उडाला. परंतु सात गोल खाणाऱ्या त्या संघांत एक उंच, दणकट, न थकणारा तरुण बचाव करीत होता. विजयी संघाच्या चालकांनीं त्याला हेरलें आणि आपल्याकडे घेतलें. पराभवांतून वाट निघणें ही गोष्ट लूसिओच्या आयुष्यांत पुढेंही एकदोनदां घडावयाची होती.

त्याची जागा मध्यबचावाची. या जागेवरील गड्याचें काम बाहेरून सोपें दिसतें : समोरून आलेला चेंडू अडवावा आणि दूर धाडून द्यावा. वस्तुतः तें तितकें सोपें नाहीं. चेंडू कोठें आहे यापेक्षां तो आणखी दोन क्षणांनीं कोठें येईल, हें त्याला आधीं ताडावें लागतें. शेजारच्या साथीदाराबरोबर एका रेषेंत राहावें लागतें. एकजण जरी पाऊलभर मागें रेंगाळला तरी ऑफसाईडचा सापळा निकामी होतो आणि प्रतिपक्षाचा गडी मोकळा सुटतो. पाय घालावयाचा कीं थांबावयाचें, याचा निर्णय निमिषांत करावा लागतो. कारण गोलाजवळच्या चौकटींत पाय चुकला तर पेनल्टी ठरलेलीच. लूसिओच्या अंगीं हे गुण होतेच. त्याखेरीज आणखी एक विशेष होता. चेंडू हिसकावून घेतल्यावर तो साथीदाराकडे न देतां पुष्कळदां स्वतःच घेऊन निघे आणि लांब ढांगा टाकीत अर्धें मैदान ओलांडून जाई. प्रेक्षकांना हा प्रकार अतिशय आवडे. प्रशिक्षकांच्या मात्र काळजाचा ठोका चुकत असे, कारण त्याच्यामागें रिकामी पडलेली जागा उघड दिसे.

२००१ च्या आरंभीं तो जर्मनींत लेव्हरकुझेन येथील बायर संघांत दाखल झाला. बायर म्हणजे औषधांचा तो प्रसिद्ध कारखाना. त्याच्या कामगारांनीं १९०४ सालीं हा संघ स्थापला होता. याच सुमारास युरोपांतील खेळाडूंच्या व्यवहारांत मोठें स्थित्यंतर झालें होतें. पूर्वी खेळाडूचा करार संपला तरी नव्या संघाला जुन्या संघाची किंमत भरावी लागे; म्हणजे करार संपूनही खेळाडू जुन्या मालकाच्या मुठींतच राही. बेल्जमचा खेळाडू बोसमान यानें या पद्धतीविरुद्ध दाद मागितली आणि १५ डिसेंबर १९९५ रोजीं युरोपीय न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. करार संपल्यावर खेळाडू मोकळा झाला. आणि युरोपीय संघराज्यांतील खेळाडू हे एकमेकांच्या देशांत परके मानावयाचे नाहींत, असेंही ठरलें. परक्यांसाठीं राखलेल्या जागा त्यामुळें ब्राझील, आफ्रिका इत्यादि ठिकाणच्या गड्यांना अधिक प्रमाणांत मोकळ्या झाल्या. लूसिओच्या पिढीचे ब्राझिली खेळाडू युरोपभर पसरले, त्याचें एक कारण हें आहे.

२००२ चा वसंतऋतु लेव्हरकुझेनकरांना कधींही विसरतां येणार नाहीं. संघ तीन अजिंक्यपदांच्या उंबरठ्यावर उभा होता. जर्मन साखळींत शेवटचे तीन सामने उरले असतां त्याच्याकडे पांच गुणांची आघाडी होती. त्यांतील दोन सामने त्यानें गमावले आणि डॉर्टमुंडचा संघ एका गुणानें पुढें गेला. ११ मे रोजीं बर्लिन येथें जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यांत शाल्के संघानें त्याला ४-२ असें हरविलें. चारच दिवसांनीं ग्लासगो येथें युरोपांतील अजिंक्य संघांच्या स्पर्धेचा अंतिम सामना रेआल माद्रिदशीं झाला. राऊलनें आरंभींच गोल केला. त्याची फेड लूसिओनें पुढें जाऊन, डोक्यानें चेंडू जाळ्यांत घालून केली. परंतु मध्यंतराच्या तोंडावर झिदाननें उंचावरून येणारा चेंडू डाव्या पायानें असा कांहीं मारला कीं तो गोल आजही लोक विसरलेले नाहींत. सामना २-१ असा गेला. तीन ठिकाणीं दुसरा क्रमांक आणि हातीं एकही चषक नाहीं! जर्मन विनोदी लोकांनीं गांवाच्या नांवाशीं ‘उप’ हा प्रत्यय जोडून ‘विझेकुझेन’ असें नवें नांवच त्या संघाला देऊन टाकलें.

या तिहेरी पराभवानंतर दोन महिनेही उलटले नाहींत, तोंच लूसिओ विश्वविजेता झाला. जपान व कोरिया येथें भरलेल्या त्या स्पर्धेंत ब्राझीलचे प्रशिक्षक स्कोलारी यांनीं दोनऐवजीं तीन मध्यबचाव योजिले : लूसिओ, एदमिल्सन आणि रोके ज्युनिअर. त्यांच्या आधारावर काफू आणि रोबेर्तो कार्लोस हे दोन बाजूंचे गडी निर्धास्तपणें पुढें जात. २१ जून रोजीं शिझुओका येथें इंग्लंडशीं सामना होता. तेविसाव्या मिनिटास एक साधा लांबचा चेंडू लूसिओकडे आला. तो त्याला पायाशीं जिरवतां आला नाहीं. चेंडू मांडीला लागून उसळला आणि शेजारींच टपून असलेल्या मायकेल ओवेननें तो गोलांत घातला. बचाव करणाऱ्याच्या आयुष्यांत याहून वाईट क्षण नसतो. कोट्यवधि देशबांधवांच्या डोळ्यांदेखत झालेली ती चूक होती; आणि तिचा दोष वाटून घेण्यास दुसरें कोणी नव्हतें.

तथापि सामन्याचीं सदुसष्ट मिनिटें अजून शिल्लक होतीं. रिव्हाल्दोनें मध्यंतरापूर्वी बरोबरी केली. रोनाल्दिन्योनें मध्यंतरानंतर दुरून मारलेला फ्री-किक गोलरक्षकाच्या डोक्यावरून आंत गेला. पुढें रोनाल्दिन्योलाच पंचांनीं मैदानाबाहेर काढलें आणि ब्राझीलचे दहाच गडी उरले. त्या उरलेल्या अर्ध्या तासांत इंग्लंडला दुसरा गोल करतां आला नाहीं. ज्याच्या चुकीनें पहिला गोल झाला तोच लूसिओ त्या फळीच्या मध्यभागीं उभा होता. ३० जून रोजीं योकोहामा येथें ब्राझीलनें जर्मनीला २-० असें हरविलें. दोन्ही गोल रोनाल्दोचे. प्रतिपक्षांत श्नायडर, रामेलो आणि नॉयव्हिल हे लेव्हरकुझेनचे तिघे गडी होते. ज्यांच्यासह लूसिओनें मे महिन्यांत तीन पराभव सोसले, त्यांच्याच पदरांत चौथा पराभव टाकून तो विश्वचषक घरीं घेऊन गेला. धंदेवाईक फुटबॉलची ही रीतच आहे : कालचा साथीदार उद्यांचा प्रतिस्पर्धी असतो आणि त्यांत कोणाला वैषम्य वाटत नाहीं.

२००४ सालीं म्यूनिकच्या बायर्न संघानें त्याला घेतलें. तेथें तो पांच वर्षें राहिला आणि २००५, २००६ व २००८ या तीन वर्षीं साखळीचें अजिंक्यपद व जर्मन चषक हीं दोन्ही त्याच्या संघानें मिळविलीं. बचावाच्या जागेवरून चेंडू घेऊन पुढें येणारा गडी म्यूनिककरांना नवा नव्हता. त्यांच्याच बेकेनबावरनें ती कला १९७० च्या सुमारास शिखरास नेली होती. मात्र बेकेनबावरच्या खेळांत ऐट होती, तर लूसिओच्या धांवेंत निव्वळ जोर होता.

याच काळांत त्यानें एक विलक्षण विक्रम केला. २००६ च्या विश्वचषकांत क्रोएशिया, ऑस्ट्रेलिया, जपान आणि घाना या चार देशांशीं तो खेळला आणि या चार सामन्यांत पंचांनीं त्याच्याविरुद्ध एकही फाऊल दिला नाहीं. पांचव्या सामन्यांत फ्रान्सविरुद्ध सव्विसाव्या मिनिटास पहिला फाऊल लागला; म्हणजे एकूण ३८६ मिनिटें तो निर्दोष खेळला. त्या स्पर्धेच्या इतिहासांत हा उच्चांक ठरला. या आंकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. फाऊल हा बहुधा उशिराचा पुरावा असतो. ज्याला जागा आधीं दिसत नाहीं, तो मागाहून पोंचतो. मग चेंडूऐवजीं माणसाचा पाय सांपडतो. एवढ्या धिप्पाड गड्याला इतका वेळ कोणाला धक्काही द्यावा लागला नाहीं, याचा अर्थ तो प्रत्येक वेळीं चेंडूच्या आधीं पोंचला होता. तो सामना मात्र ब्राझीलनें आँरीच्या एका गोलानें गमावला, आणि विक्रमाची आठवण पराभवाखालीं दबून गेली.

पुढें दुंगा प्रशिक्षक झाल्यावर ब्राझीलचें कर्णधारपद लूसिओकडे आलें. २००९ च्या जून महिन्यांत जोहान्सबर्ग येथें कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यांत अमेरिकेनें मध्यंतरापर्यंत २-० अशी आघाडी घेतली होती. लुईस फाबियानोनें दोन गोल करून बरोबरी साधली आणि ८४ व्या मिनिटास कोपऱ्यावरून आलेला चेंडू लूसिओनें डोक्यानें आंत घातला. सामना संपल्यावर हा धिप्पाड कर्णधार मैदानावरच रडला.

त्याच उन्हाळ्यांत बायर्नकडे लुई फान खाल हे नवे प्रशिक्षक आले. त्यांच्या योजनेंत लूसिओला स्थान नव्हतें. पांच वर्षांची सेवा, विश्वविजेतेपद, आपल्या देशाचें कर्णधारपद, यांतील कशाचाही उपयोग झाला नाहीं. एकतिसाव्या वर्षीं त्याला नवा संघ पाहावा लागला. मिलानच्या इंटर संघानें त्याला घेतलें. ज्या पोर्तो आलेग्रेच्या संघांत तो प्रथम नांवारूपाला आला, त्याचें आणि या मिलानच्या संघाचें नांव अर्थदृष्ट्या एकच आहे : ‘आंतरराष्ट्रीय’. लूसिओच्या जीवनाला याहून समर्पक नांव शोधूनही सांपडलें नसतें.

इटलींत बचाव ही उणीव झांकण्याची युक्ति मानीत नाहींत; ती एक स्वतंत्र विद्या आहे. इंटरचे प्रशिक्षक जुझे मोरिन्यो यांनीं लूसिओच्या शेजारीं अर्जेंटिनाच्या वॉल्टर सॅम्युएलला उभें केलें. आपल्या सीमेवर दाट फळी धरावी, प्रतिपक्षाला समोर चेंडू खेळवूं द्यावा पण आंत वाट देऊं नये, आणि संधि सांपडतांच वेगानें चाल करावी, असा त्या संघाचा खाक्या. येथें लूसिओच्या त्या प्रसिद्ध धांवा कमी झाल्या आणि त्याचा खेळ अधिक परिपक्व झाला. २०१० च्या एप्रिलमध्यें त्या वेळच्या सर्वश्रेष्ठ बार्सेलोना संघाशीं उपान्त्य फेरीचे दोन सामने झाले. घरचा सामना इंटरनें ३-१ असा जिंकला. परक्या मैदानावर अठ्ठाविसाव्या मिनिटासच त्यांचा एक गडी बाहेर काढला गेला. तरी उरलेल्या तासाभरांत दहा जणांच्या त्या फळीनें एकच गोल होऊं दिला. संघ १-० नें हरला आणि एकूण हिशेबानें अंतिम फेरींत गेला. पराभूत होऊन जिंकण्याची ही कला केवळ बचावाचीच.

२२ मे २०१० रोजीं माद्रिद येथें अंतिम सामना झाला. आणि प्रतिपक्षीं होता बायर्न संघ, त्याचे प्रशिक्षक होते फान खाल! मिलितोच्या दोन गोलांनीं इंटरनें २-० असा विजय मिळविला. त्याच महिन्यांत इटलीचा चषक आणि साखळीचें अजिंक्यपदही इंटरनें मिळविलें होतें. एकाच वर्षीं हीं तिन्ही पदें मिळविणारा हा पहिला इटालियन संघ. आठ वर्षांपूर्वी ज्यानें मे महिन्यांत तिन्ही गमावलीं, त्यानें मे महिन्यांतच तिन्ही मिळविलीं. त्यानंतर सहा आठवड्यांनीं दक्षिण आफ्रिकेंत हॉलंडनें ब्राझीलला विश्वचषकांतून बाहेर घालविलें. आणि त्या सामन्यांत दैवाचा कांटा उलटला. हॉलंडचे दोन्ही गोल लूसिओचा इंटरमधील साथीदार स्नाइडर याच्या नांवावर लागले.

यानंतर उतार सुरू झाला. ब्राझीलकडून १०५ सामने खेळून २०११ सालीं त्याची राष्ट्रीय कारकीर्द संपली. २०१२ सालीं तो तुरिनच्या युव्हेंटस संघांत गेला, पण तेथें त्याला फारसे सामने मिळाले नाहींत आणि वर्षअखेरीस करार मोडला गेला. पुढच्या वर्षीं तो मायदेशीं सांव पावलो संघांत आला. तेथेंही प्रशिक्षकांशीं जमलें नाहीं. २०१४ सालीं त्याच शहरांतील प्रतिस्पर्धी पाल्मेइरास संघाकडे गेला. इटालियन लोकांनीं १९१४ सालीं स्थापलेल्या त्या संघाचें तें शताब्दीचें वर्ष. परंतु संघ खालच्या वर्गांत ढकलला जाण्यापासून जेमतेम वांचला. बचाव करणाऱ्याचा अनुभव वाढतो त्याच वेळीं पायांतील वेग ओसरतो. चेंडू कोठें येणार हें त्याला पूर्वीपेक्षां अधिक चांगलें कळतें, पण तेथें पोंचणें जमत नाहीं.

अशा वेळीं २०१५ सालीं त्याला गोव्याहून बोलावणें आलें. भारतांतील इंडियन सुपर लीग ही स्पर्धा आदल्या वर्षींच सुरू झाली होती. प्रेक्षक जमविण्यासाठीं प्रत्येक संघानें एखादा जगद्विख्यात, बहुधा उतारवयाचा खेळाडू आणावा, अशी तिची पद्धत होती. एफ. सी. गोवा संघाचे प्रशिक्षक ब्राझीलचेच थोर खेळाडू झिको; त्यामुळें लूसिओ तेथें अगदींच परका नव्हता. गोमंतकालाही फुटबॉल परका नाहीं. भातकापणी झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांतून, चर्चच्या पटांगणांतून तेथें पिढ्यान्पिढ्या हा खेळ चालत आला आहे. गोव्याचा रोमियो फर्नांडिस तर त्याच वर्षीं ब्राझीलच्या आत्लेतिको पारानाएन्से संघाकडून खेळून आला होता. म्हणजे हा रस्ता अगदींच एकेरी नव्हता.

त्या मोसमांत गोव्याचा संघ साखळींत पहिला आला. उपान्त्य फेरींत त्यानें दिल्लीच्या संघाला हरविलें. त्या संघाचा प्रशिक्षक व खेळाडू होता लूसिओचा २००२ चा साथी रोबेर्तो कार्लोस. २० डिसेंबर रोजीं मडगांवजवळच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना चेन्नईशीं झाला. चेन्नईचे प्रशिक्षक होते मार्को मातेराझ्झी, इंटरमधील त्याचे सहकारी. ८७ व्या मिनिटास गोव्यानें २-१ अशी आघाडी घेतली. फातोर्ड्यावर जल्लोष उसळला. पण नव्वदाव्या मिनिटास गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या हातून चेंडू स्वतःच्याच गोलांत गेला, आणि दोन मिनिटांनीं मेंडोझानें चेन्नईला विजय मिळवून दिला. शिझुओका येथें लूसिओला आपली चूक धुवून काढण्यास सदुसष्ट मिनिटें मिळालीं होतीं. कट्टीमनीला दोनच मिळालीं. चुकीचें माप बऱ्याच वेळां चुकीवर नसतें, तिच्यानंतर उरलेल्या वेळावर असतें. पुढच्या वर्षींही लूसिओ गोव्यांत खेळला. त्या वेळीं संघ आठांत आठवा आला.

या नव्या स्पर्धेचा हिशेब गोमंतकाच्या दृष्टीनें सरळ नाहीं. तिच्यामुळें विश्वविजेता गडी फातोर्ड्यावर पाहावयास मिळाला, तेथील तरुणांना त्याच्या खांद्याला खांदा लावून खेळतां आलें. परंतु २०१६ सालींच साळगांवकर, डेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या जुन्या संघांनीं राष्ट्रीय साखळींतून अंग काढून घेतलें. स्पर्धांच्या नव्या रचनेंत आपल्याला मान उरत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. उतारवयाचे नामांकित पाहुणे दोन मोसम राहतात आणि जातात. खेळ जिवंत ठेवण्याचें काम गांवोगांवच्या संघांनाच करावें लागतें. यांत पाहुण्याचा दोष नाहीं. तो करार पाळून आला आणि करार संपल्यावर गेला.

लूसिओ त्यानंतर आपल्या राजधानीच्या प्रदेशांत परतला. गामा आणि ब्राझिलिएन्से या तेथील संघांतून तो खेळला आणि २०२० च्या जानेवारींत, एकेचाळीस वर्षांचा असतांना, त्यानें खेळ सोडल्याचें जाहीर केलें. इतके संघ बदलणाऱ्या माणसाला कोठला म्हणावें, असा प्रश्न सहज पडतो. पैसा देईल त्याचा तो, असें उत्तर देणें सोपें आहे, पण तें अपुरें आहे. त्याला पुष्कळदां संघ सोडावयाचा नव्हता. संघालाच तो नको झाला होता. नोकरी बदलली कीं कामांत कसूर करावयाची, हें मात्र त्याला कधीं सुचलें नाहीं. जुन्या मित्रांविरुद्ध, जुन्या संघाविरुद्ध, जुन्या प्रशिक्षकाविरुद्ध त्यानें तितक्याच कसोशीनें आपली चौकट राखली. पोटासाठीं गांव सोडून परमुलखांत राबणारीं माणसें आपल्याकडेही घरोघर आहेत. मालक बदलतो, मुलूख बदलतो, भाषा बदलते. ज्याचें काम हातीं घेतलें तें चोख करावें, एवढी एकच निष्ठा अशा माणसाला सर्वत्र बरोबर नेतां येते. लूसिओनें ती नेली, आणि प्रवासी बचावगड्याच्या चरित्राचें सार तेंच आहे.